किल्ला देऊन वाचवलेलं राज्य

श्रोतेहो, नमस्कार.

स्पेनला गेलेला माणूस ग्रानादा शहरातला अल्हांब्रा, म्हणजे तिथल्या सुलतानांचा महालांचा किल्ला, पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. तो पाहायलाच हवा. पण ज्यांना गडकोटांचं वेड आहे, त्यांना आज माझी आग्रहाची विनंती आहे. ग्रानादाच्या आधी हाएनला जा. ग्रानादाच्या उत्तरेला, नव्वदेक किलोमीटरवर. तिथल्या डोंगरांवरचे किल्ले पाहिले की अल्हांब्रा इतकी वर्षं टिकला कसा, ते उमगतं.

७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या. युरोपातले लोक त्यांना मूर म्हणत. पुढे कित्येक शतकं या देशाचा मोठा मुलूख त्यांच्याकडे होता. १२१२ साली लास नावास दे तोलोसाच्या लढाईत ख्रिस्ती राजांनी एकत्र येऊन मूरांच्या अल्मोहाद घराण्यातल्या खलिफाचा पाडाव केला आणि वारं फिरलं. ही रणभूमीही हाएन प्रांतातलीच. १२३६ साली मूरांचं कोर्दोबा शहर पडलं. मग कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा फर्नांदो तिसरा हाएनला वेढा घालून बसला. पूर्वी त्याला इथून हात हलवत परतावं लागलं होतं. या वेळी मात्र त्याने रसद तोडली आणि हटला नाही.

हाएन होतं मुहम्मद इब्न अल-अहमर याच्या ताब्यात. ग्रानादाचा हा नवा सुलतान. शहर उपासमारीला टेकलेलं, बाहेरून मदत येण्याची आशा नाही. १२४६ साली त्याने फर्नांदोशी तह केला. हाएन देऊन टाकलं, दरसाल खंडणी कबूल केली, मांडलिकत्व पत्करलं. बदल्यात ग्रानादाचं राज्य राखलं. पुढे फर्नांदोने मूरांच्याच सेव्हिया शहराला वेढा घातला, तेव्हा याच सुलतानाचे घोडेस्वार कास्तीलच्या बाजूने लढायला गेले. १२४८ साली सेव्हियाही पडलं.

हे ऐकताना तुमच्या मनात पुरंदर आलं असेल. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले, आणि पुढे मुघलांसाठी आदिलशाहीवर चालूनही गेले. डोंगरावरचा किल्ला देताना राजाच्या मनात काय कालवाकालव होत असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फरक पुढे पडला. आपल्याकडे १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. ग्रानादाला हाएन पुन्हा कधीच मिळालं नाही. पण त्या तहाने त्यांना जवळजवळ अडीचशे वर्षं मिळवून दिली. अल्हांब्रातले ज्यांच्यासाठी जग लोटतं ते महाल बहुतेक १४ व्या शतकातले, म्हणजे तहानंतरचे. हाएन दिलं नसतं, तर ते उभे राहिले असते असं मला वाटत नाही.

हाएनच्या डोंगरावर आज दिसतो तो सांता कातालिनाचा किल्ला मुख्यतः कास्तीलकरांनी बांधलेला. १८१२ साली नेपोलियनच्या फौजेने जाताना त्याचा काही भाग उडवून दिला. गाडीने वर जाता येतं, पण पाय धड असतील तर चालत जा. बुरुजावरून खाली शहर, कॅथेड्रल, आणि नजर जाईल तिथवर ऑलिव्हची झाडं. या एका प्रांतात ६ कोटींहून अधिक झाडं आहेत. २५ नोव्हेंबरला संत कातालिनाच्या सणाला गावकरी वर चढतात आणि भाजलेले सार्डिन मासे खातात.

मूरांची बांधणी हाताने चाचपून बघायची असेल, तर बान्योस दे ला एन्सिना गाठा. गावाच्या डोक्यावर ओळीने उभे राहिलेले तांबूस बुरुज. दगडी वाटतात, पण जवळ गेल्यावर कळतं, ही माती आहे. माती, वाळू, चुना आणि बारीक खडी फळ्यांच्या साच्यात ओतून ठोकून घट्ट करायची, थर वाळला की साचा वर सरकवायचा. फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या लाकडांची भोकं भिंतीत अजून तशीच आहेत, सरळ रांगेत. एक रांग म्हणजे एक थर. भिंत कशी चढत गेली, ते त्या भोकांवरून वाचता येतं. काळ्या कातळावर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना इतक्या शतकांची माती अशी उभी पाहून विश्वास बसत नाही.

आणि या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता आल्काला ला रेआल. हाएन आणि ग्रानादा यांच्या मधोमध, ला मोता नावाच्या टेकडीवर. १३४१ साली कास्तीलचा राजा अल्फोन्सो अकरावा याने तो घेतला तो पाणी तोडून. या पाण्यासाठी टेकडीच्या पोटात खोदलेल्या वाटा आहेत, आज त्यातून फिरता येतं. गड लढतो तो पाण्यावर, हे टाकी शोधत भटकणाऱ्यांना ठाऊकच असतं. इथे त्या अरुंद, ओल्या वाटेत उभं राहून ते अंगावर येतं. त्यानंतर दीडशे वर्षं हा सरहद्दीचा किल्ला. रात्री बुरुजावर दिवा पेटता ठेवत, ग्रानादाच्या कैदेतून निसटलेल्या माणसांना अंधारात दिशा कळावी म्हणून. वरच्या चर्चची फरशी उत्खननात काढली गेली आहे. खाली एकमेकींना खेटून कातळात कोरलेल्या थडग्यांच्या रांगा दिसतात. एवढ्याशा माथ्यावर एक अख्खं गाव जगलं आणि मेलं.

जायचं तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तटावर सावली नसते. दुपारी बरंच काही बंद असतं, तेव्हा वेळा आधी विचारून घ्या. क्रम मात्र माझ्या सांगण्यावरून हाच ठेवा: बान्योस, हाएन, आल्काला, आणि मग ग्रानादा. अल्हांब्राचं तिकीट पुष्कळ आधी काढावं लागतं. तिथे थेट महालांकडे धावू नका. आधी आल्कासाबात, म्हणजे तिथल्या जुन्या गढीत शिरा आणि व्हेला बुरुजावर चढा. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा कास्तीलच्या हाती गेलं. त्या दिवसाची आठवण म्हणून दर २ जानेवारीला या बुरुजावरची घंटा वाजवतात, आणि ती वाजवायला शहरातले लोक रांग लावतात.