मलप्रभा: मुलीचं हे नाव इतकं दुर्मीळ का?

नमस्कार मंडळी. खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकानं आपल्या नदीचं नाव लहानपणापासून ऐकलेलं असतं. साखर कारखान्याला ते नाव आहे. मलप्रभा ग्रामीण बँक २००५ साली दुसऱ्या बँकांबरोबर विलीन झाली, पण जुन्या पासबुकांवर ते अजून सापडेल. बारशाच्या पाळण्याजवळ मात्र हे नाव फार क्वचित ऐकू येतं. मलप्रभा.

घरात मुलगी झाली की आपण मोबाईलवर याद्या काढतो. मायरा, कियारा, शनाया. जिच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, तिचं नाव त्या यादीत नसतं. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आजचा व्हिडिओ.

नाव सुचवलं की पहिला आक्षेप आजीचा येतो. "मल म्हंजे घाणच की गे! पोरीला असलं नाव ठेवतात काय?" आक्षेप साधा आहे, पण त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. या नदीचं जुनं संस्कृत नाव मलापहारी. मल अपहरण करणारी, म्हणजे मळ वाहून नेणारी. आणि संस्कृतात मल म्हणजे फक्त अंगावरचा मळ नव्हे, मनातलं किल्मिष आणि पापसुद्धा. आता मलप्रभा या रूपाची शब्दशः फोड करायला गेलात, तर मल आणि प्रभा यांचा मेळ सरळ बसत नाही. काही जण 'मळ गेल्यावर उरणारं तेज' असा अर्थ सांगतात, तो सुंदर आहे. पण मला विचाराल तर पाया मलापहारीचाच धरा.

आणि आजीला एवढंच विचारा, की निर्मला नाव चालतं ना? विमल चालतं ना? आपल्या मावश्या-आत्यांमध्ये निर्मला आणि विमल घरोघरी आहेत. त्या दोन्ही नावांत मल आहेच. तिथं तो नाहीसा झालेला आहे, इथं तो वाहून नेणारी आहे.

(स्क्रीनवर नकाशा)

आता नदी बघू. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना खानापूर तालुक्यात कणकुंबी लागतं. तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटरवर. तिथून ती असोग्याच्या रामलिंगाजवळून, खानापुरातून पुढे जाते. एम. के. हुबळीजवळ गंगांबिकेचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधीचं ठिकाण, तिच्या पात्रात आहे. गंगांबिका म्हणजे लिंगायत संत बसवण्णांची (बसवेश्वरांची) पत्नी. मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण, पुढे पट्टदकल, ऐहोळे, आणि शेवटी कुडलसंगमात कृष्णेला भेट. तिथं स्वतः बसवण्णांचं ऐक्यस्थळ. ३०४ किलोमीटरच्या एकाच प्रवाहावर त्या दोघांची स्थळं आहेत. कन्नड घरात हे नाव का गोड वाटतं, ते यावरून कळेल.

मराठी घरात ते गोड वाटायला रेणुका पुरेशी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्याच, डोंगराला आपल्यातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. रेणुका रोज पहाटे मलप्रभेवर जायची, अंघोळ करून काठच्या ओल्या वाळूचा घडा घडवायची, नागाची चुंबळ करून तो डोक्यावर ठेवायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी न्यायची. वाळूचा घडा! तो टिकायचा तिच्या निष्ठेवर, पण वाळू आणि पाणी मलप्रभेचं होतं. धरणाच्या जलाशयालाही रेणुकासागर हेच नाव दिलंय, आणि हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी तिथूनच जातं. रेणुका नावाच्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिच्या नदीचं नाव ठेवायला मात्र आपण कचरतो.

नदीचं नाव मुलीला ठेवू नये, असंही कोणी सांगेल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं लिहिलेलं आहेच. पण आपल्या लोकांनी ते कधी मानलं? गंगा, गोदावरी, कृष्णा, रोहिणी, रेवती, तुळसा. पिढ्या गेल्या, आणि या सगळ्या सुखानं नांदल्या.

हे नाव घेऊन एक मुलगी थेट जकार्तापर्यंत गेली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत कुराश हा खेळ पहिल्यांदाच होता. जाकीट घालून खेळायची ही कुस्ती, मूळची उझबेकिस्तानची. महिलांच्या ५२ किलो गटात भारताला कांस्यपदक मिळालं, ते आपल्या बेळगावच्या मलप्रभा जाधवनं मिळवलं. ज्यूदोत तयार झालेली ही पोरगी. त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत आपल्या नदीचं नाव वाचलं जात होतं, आणि मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

लोकप्रियतेचं म्हणाल, तर आपल्याकडे नावांची सरकारी क्रमवारी दरवर्षी जाहीर होत नाही. त्यामुळे नावांच्या साइटवर जे 'लोकप्रियता इतके टक्के' दिसतं, त्यावर भरवसा ठेवू नका. मी आसपास जे पाहतो ते एवढंच, की नदीकाठच्या तालुक्यांत या नावाच्या बायका भेटतात, मराठीही आणि कन्नडही. पुण्या-मुंबईकडे मात्र नाव सांगितलं की लोक पुन्हा विचारतात. माहेर धारवाडचं आणि सासर बेळगावचं, अशी आपल्याकडे किती घरं आहेत! दोन्हीकडच्या आज्यांना न अडखळता हाक मारता येईल असं नाव शोधत असाल, तर हे आहे. लाडानं मलू म्हणा, प्रभा म्हणा. रास बघणाऱ्यांसाठी सांगतो: म अक्षर, मघा नक्षत्र, सिंह रास.

एक काळजी मात्र नक्की घ्या, आणि ती स्पेलिंगची. मराठीत आपण 'मल्‌प्रभा' म्हणतो, कन्नडमध्ये म-ल-प्र-भा असं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतात. त्यामुळे इंग्रजीत एल नंतर कोणी ए घालतो, कोणी घालत नाही. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि पोरगी दहावीला गेली की धावपळ. एलनंतरचा ए ठेवा, नदीचं नावही बहुतेक तसंच लिहितात. कन्नड रकान्यात शेवटचा 'भा' दीर्घ आहे का, तेही बघा. तिथं काना गळण्याची शक्यता असते.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नाव तेव्हाच घालायला हवं असं नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटून झाल्या, की दाखल्याचा अर्ज घरी आणा आणि दोन्ही भाषांतलं नाव आपल्या हातानं स्वच्छ लिहून द्या.