वीस एलपी परदेशी पाठवताय? आधी तबकड्या कव्हरबाहेर काढा

नमस्कार मंडळी! एखादी एलपी कुणीही पाठवतं. वीस रेकॉर्डांचा खोका परदेशी धाडायचा म्हटलं की मात्र सगळे अडतात, आणि तेच विचारणं सारखं सुरू आहे. तर घ्या.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकतो. बारा इंची रेकॉर्डचं कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटर चौरस. तबकडी १२० ते १४० ग्रॅमची, जाड असेल तर १८०. कव्हर धरून नगाला पाव किलो पकडा, म्हणजे २० नगांचे पाच किलो झाले. पॅकिंगचं वजन वेगळं. खोका फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, आणि कोरा. वापरलेल्या खोक्याने एकदा मार खाल्लेला असतो, त्याचे कोपरे आधीच मऊ पडलेले असतात.

आता खरं काम. तबकडी कव्हरमधून बाहेर काढायची. वीसच्या वीस! इनर स्लीव्हसकट, म्हणजे तबकडीच्या आतल्या पाकिटासकट काढा, कव्हरच्या पाठीमागे ठेवा आणि दोन्ही मिळून आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवा. इनरचं तोंड आउटरच्या तोंडाकडे येऊ देऊ नका, नाहीतर तबकडी तिथून बाहेर डोकावते.

यावर हमखास येणारी कमेंट: "खोका गच्च भरला की झालं ना?" नाही झालं. गच्च भरून तुम्ही कव्हर जागेवर बसवता, आतली तबकडी नाही. तबकडी ३० सेंटिमीटरची, कव्हर ३१.५ चं. ती सेंटिमीटरभर मोकळी जागा तुमच्या भरण्याने जात नाही. खोका कडेवर आपटला की कव्हर थांबतं, तबकडी पुढे जाते आणि तिची कड कागदाच्या जोडावर बसते. जोड उसवला. सीम स्प्लिट म्हणतात तो हाच.

बरं, पैशाच्या बाजूने बघा. तुम्ही कव्हर नियर मिंट, म्हणजे जवळपास नव्यासारखं, म्हणून विकलंत, पोहोचलं उसवलेलं. बाहेरचा खोका शाबूत, त्यावर साधा पोचासुद्धा नाही. मग भरपाई कुठल्या तोंडाने मागणार?

सीलबंद रेकॉर्ड असेल तर ग्राहकाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. परस्पर सील फोडू नका.

पुढे, दहा-दहाचे दोन गठ्ठे करा. प्रत्येक गठ्ठ्याच्या वर दोन, खाली दोन पन्हळी पुठ्ठे, ३३ सेंटिमीटर चौरस, म्हणजे कोपऱ्यावरचा मार आधी पुठ्ठा खातो. जोडीतल्या एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही एकाच दिशेला ठेवलेत तर जोडी त्या रेषेवर दुमडते. चिकटपट्टी आवळून लावू नका, कडा दबतात.

खोका ३८ × ३८ × २० सेंटिमीटरचा पुरतो. कुरिअरवाले बहुतेकदा लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचे पैसे लावतात. इथे येतात ५.८ किलो, म्हणजे जवळपास खऱ्या वजनाइतकेच. हाताशी होता म्हणून ४५ × ४५ × ३० चा घेतलात तर १२ किलोंच्या वर! हवा पाठवण्याचे पैसे.

पोस्टाने पाठवत असाल तर छोट्या पाकिटाची मर्यादा २ किलो. वीस नगांचं पार्सलच होतं आणि त्याला सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो. त्यावर वापरलेल्या ग्रामोफोन रेकॉर्ड, नगसंख्या, खरी किंमत आणि एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) ८५२३.८० लिहा. 'गिफ्ट' लिहा, किंमत कमी दाखवा म्हणणाऱ्या ग्राहकाला सरळ नाही म्हणा. ते खोटं आहे, आणि पार्सल हरवलं तर कमी दाखवलेलीच किंमत हाती येईल. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची आयात शुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून स्वस्तातल्या मालालाही व्हॅट लागतो. तो कोण भरणार, हे विक्रीआधीच ठरवा.

खोका बंद करण्यापूर्वी वरच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवा: "तबकडी कव्हरच्या मागे आहे. सुरी खोल घालू नका." नाहीतर कव्हर रिकामं दिसताच ग्राहकाचा पहिला मेसेज येतो, रेकॉर्ड कुठे आहे?