सायनची दूधपेढी

मुंबईतलं सायन हॉस्पिटल. पाटीवर लोकमान्य टिळकांचं नाव आहे. धारावीतून बाळंतपणाला येणारी बाई मात्र ‘सायनला नाव घातलंय’ एवढंच सांगते. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी इथे मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली.

(दृश्य: नवजात अतिदक्षता कक्ष)

हे बाळ कमी दिवसांचं. चोखायचं बळ नाही, म्हणून पोटापर्यंत बारीक नळी. सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटर दूध. एवढंसंच, पण ते कुठलं यावर बरंच ठरतं. पावडरच्या दुधाने अशा बाळांना आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका वाढतो. आणि आईला अजून दूध उतरलेलं नाही. कधी तीच आयसीयूत असते.

मग दूध येतं कुणाचं? बरेचदा शेजारच्याच वॉर्डातल्या बाळंतिणीचं. बाळाचं पोट भरलंय, तरी छाती दाटून ठणकतेय, अशा आईचं. कधी बाळ गेलेली आईही देते. तिच्याकडे कुणी मागू नये. तिनेच विचारलं, तर नाही म्हणू नये.

(दृश्य: पेढीतलं काम)

आधी लेखी संमती. मग एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिसच्या तपासण्या. जमलेलं दूध साडेबासष्ट अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवायचं, झटकन गार करायचं, नमुना तपासणीला पाठवायचा, बाकीचं उणे २० अंशांवर गोठवायचं. उकळायचं नाही, त्याने दुधातलं बरंच काही वाया जातं. या बेताच्या उष्णतेनेही जंतूंबरोबर काही रोगप्रतिकारक घटक कमी होतातच.

म्हणून दात्या आईचं दूध ही मधली सोय. खरी खटपट असते ती बाळाच्या स्वतःच्या आईसाठी. तिला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला बसवायचं, बाळाला उघड्या छातीशी धरायला द्यायचं, ‘मला येतच नाही हो’ म्हणत रडकुंडीला आलेलीला धीर द्यायचा. चिकाचे चार थेंब आले, तरी ते आधी तिच्याच बाळाला.

या दुधाचे पैसे देत नाहीत. मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आईच्या दुधाच्या विक्रीला परवानगी नसल्याचं पुन्हा बजावलं. कडक वाटेल, पण रास्त आहे. बाटलीमागे भाव लागला, तर गरीब घरात बाळाच्या वाट्याचंच दूध आधी विकलं जाईल.