पहिल्या फेऱ्या रिकाम्याच: थंडी आणि रोलर कोस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराशेजारी पाळणे उभे राहतात. हल्ली त्यात ड्रॅगन ट्रेनही असते, म्हणजे लहानसा रोलर कोस्टरच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधीकधी 10 च्याही खाली जातो आणि दुपारी 30 ला टेकतो. त्यामुळे सकाळी जे यंत्र आपण तपासलं, ते दुपारी तसंच वागेल याचा भरवसा नसतो.

कोस्टर म्हटलं की लोकांना वेगाची धास्ती वाटते. थंडीत चालवणाऱ्याला मात्र वेग कमी पडण्याची काळजी असते. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो साधारण 40 मीटर उंच आहे आणि ताशी 105 किलोमीटरपर्यंत जातो. साखळीने गाडी माथ्यावर नेऊन सोडली की पुढे तिला ओढणारं काही नाही. मिळालेल्या उंचीवरच बाकीचे सगळे चढ भागवायचे. असल्या गाडीच्या बेअरिंगमधलं ग्रीस गारठून घट्ट झालं, चाकावरचं पॉलियुरेथेनचं (रबरासारख्या प्लॅस्टिकचं) आवरण आखडलं, की वेग वाटेतच खर्ची पडतो. एखादा चढ चढवला नाही तर गाडी मागे येते, पुढे-मागे झुलते आणि दोन चढांमधल्या खोलगटात थांबते. मग माणसं उतरवायला शिडी आणि गाडी काढायला क्रेन.

यात रिकामी गाडी भरलेल्या गाडीच्या आधी अडकते. वजन वाढलं म्हणून हवेचा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे भरलेली गाडी पुढे रेटून जाते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात किमान तापमान किती दिलंय ते आधी बघतात आणि पारा त्याखाली असेल तर गाडी सोडतच नाहीत. काही ठिकाणी पहिल्या चाचणीला सीटवर पाणी भरलेले पुतळे किंवा वाळूची पोती बांधायला सांगितलेलं असतं.

चाचणीत हाताशी स्टॉपवॉच हवं. गाडी माथ्यावरून सुटल्यापासून ब्रेकच्या तोंडाशी येईपर्यंतचा वेळ दर फेरीला वहीत लिहायचा. समजा, एरवी 42 सेकंद लागतात आणि आज पहिल्या फेरीला 46 लागले. दुसरीला 45, तिसरीला 44 असा आकडा उतरत असेल तर बेअरिंग आणि चाकं तापताहेत, चालू द्या. आकडा 46 वरच अडला तर थंडीला दोष देऊ नका. एखादं बेअरिंग धरलं असेल किंवा ब्रेकची पट्टी घासत असेल.

रात्रभर गाडी एका जागी उभी राहिली की चाकांना खाली चपटेपणा येतो. पहिल्या फेऱ्यांत धपधप ऐकू येते आणि चाक तापलं की जाते. गेली नाही तर ते चाक उतरवून बघा. बऱ्याचदा वरचं आवरण आतल्या धातूपासून सुटलेलं सापडतं.

चढावर टकटक वाजते ती गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याची. त्याच्या खिळीवर जुनं ग्रीस साचलं असेल तर थंडीत खटका दातावर वेळेत पडत नाही. रिकामी गाडी अर्ध्या चढावर थांबवायची आणि ती खटक्यावर बसते का, ते डोळ्यांनी बघायचं. टकटकीत एखादा ठोका चुकला तरी खाली उतरवून तपासा.

ब्रेकचं गणित उलटं आहे. सकाळी दवाने ओल्या झालेल्या घर्षणाच्या ब्रेकवर गाडी लांबवर सरकत जाते, आणि दुपारी ब्रेक कोरडे होतात तेव्हा गाडीचा वेगही वाढलेला असतो. सकाळच्या सुस्त गाडीवर ब्रेक बेतले तर दुपारची भरलेली गाडी त्यांना जड जाते. चुंबकी ब्रेकना दवाचं सोयरसुतक नसतं. हवेवर चालणारे ब्रेक असतील तर कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी सकाळी आधी काढून टाका, नाहीतर ते व्हॉल्व्हपर्यंत जातं.

आता यात्रेतली ड्रॅगन. तिला मोटार असते, त्यामुळे ती सहसा अडकत नाही, पण गारठलेला गिअरबॉक्स मोटारीकडून जास्त अँपिअर ओढतो आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त भार आला की मोटार बंद करणारा खटका, पडतो. अशा वेळी काही जण रिलेचा स्क्रू फिरवून मर्यादा वाढवतात. हे अजिबात करू नका. तो स्क्रू दुपारीही तसाच राहतो आणि गर्दीत मोटारीची वाइंडिंग जळते. रिकाम्या चार-पाच फेऱ्या मारा, अँपिअर आपोआप उतरतील. रुळावरचं दव कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ओढणारं चाक घसरतं.

लोखंड मीटरमागे दर डिग्रीला 0.012 मिलिमीटर वाढतं. 60 मीटर रुळात पहाटेच्या 8 डिग्रीपासून दुपारच्या 30 डिग्रीपर्यंत हा फरक साधारण 16 मिलिमीटरचा होतो, आणि उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षाही गरम असतो. वीज बंद करून प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. पायरी लागली तर तिथला बोल्ट आणि खालचं पॅकिंग बघा. आपली काळी माती पावसाळ्यानंतर वाळून भेगाळते, रुळाखालचे ठोकळे एका बाजूने बसतात, म्हणून पाणसळ रोज लावायची.

बसणाऱ्यांच्या बाबतीत आमचा आग्रह जरा कडक आहे. मफलर, शाल, ओढणी, उपरणं यातलं सैल काहीही गाडीत नको. चाकात किंवा साखळीत टोक अडकलं तर गळ्याला फास बसतो. जाड स्वेटरवर सीटची सुरक्षापट्टी बसवली की ती घट्ट वाटते, पण झटक्याला लोकर दबते आणि फट पडते. म्हणून पट्टी लावल्यावर बसणाऱ्याला पाठ टेकायला सांगा, पोटावरचा कपडा सरळ करा आणि पट्टी पुन्हा एकदा दाबा. लहान मुलाचं जर्किन काढून पालकांच्या हातात द्या, मगच पट्टी लावा.