तोफा कुठल्या, सर?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत दोन दिवसांआड कुणीतरी मार्कशीट घेऊन माझ्या दारात उभं असतं. परवा खालच्या मजल्यावरचे काका नातवाला घेऊन आले. म्हणाले, "सर, याला लष्करी नेतृत्वाचा कोर्स करायचाय आणि इंग्रजीचं भाषाशास्त्रही शिकायचंय. असा दोन्ही डगरींवर हात ठेवून कसं चालेल? जरा समजवा याला." मी समजावलं, पण काकांना.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, त्यातही स्वनविज्ञान, म्हणजे उच्चारांचा अभ्यास. आणि रविवारी सकाळी खाकी चढवून मुलांची एनसीसीची परेड घ्यायचो. त्यामुळे हे दोन विषय मला कधी वेगळे वाटलेच नाहीत.

परेडचंच बघा. रोजच्या इंग्रजीत आपण 'टर्न राइट' म्हणतो, क्रियापद आधी. मैदानावर मात्र तोच साहेब 'राइट... टर्न' म्हणतो. क्रियापद शेवटी, अगदी आपल्या मराठीसारखं! कारण साधं आहे. आधी कुठं वळायचं ते कळू दे, क्षणभर थांबा, मग सगळ्यांचे पाय एकदम हलू देत. एनसीसीच्या हिंदी हुकमांना ही उलटापालट करावीच लागत नाही, 'दाहिने... मुड' हे आपसूकच तसं बसतं. आणि तिथं 'दाएँ' नाही, 'दाहिने' म्हणतात. 'दाएँ' आणि 'बाएँ' यांत फरक एका व्यंजनाचा. वारा सुटलेला असताना शेवटच्या रांगेतल्या पोराला तो काय ऐकू येणार? भाषाशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात अशा जोड्या शिकवतात. माझे कॅडेट त्या जोड्या रविवारी शिकायचे, पायांनी.

फोनवर तुम्ही 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली' म्हणता ना? बी, डी, पी, टी, व्ही सगळी 'ई'वर संपतात, खरखरीत फोनवर एकमेकांत मिसळतात. वैमानिक आणि सैनिक वापरतात ती 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही मालिका १९५६ पासून आजच्या रूपात आहे. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना ते शब्द ओळखू येतात का, हे तपासून ते ठरवले. त्यातल्या 'जे'साठीच्या जूलिएटच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी दोन 'टी' आहेत, कारण एकच असता तर फ्रेंच माणसानं तो गिळला असता.

आता हे शिकण्याची सोय कुठं आहे ते सांगतो. अमेरिकेत आरओटीसीची, म्हणजे राखीव अधिकारी प्रशिक्षण दलाची, मुलं १९१६ च्या कायद्यापासून कॉलेजातच लष्करी शिक्षण घेतात. आपल्याकडे एनसीसी १९४८ पासून आहे, आणि आता कित्येक ठिकाणी ती श्रेयांक मिळणारा वैकल्पिक विषय म्हणून घेता येते. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग आहे, येरवड्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आहे, आणि खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषयाला मायनर, म्हणजे दुय्यम विषय जोडता येतो. (हा मेजर लष्करातला नव्हे, काका तिथंच गोंधळले होते.) प्रवेश घेण्याआधी मात्र कॉलेजात जाऊन विचारा, हा विषय शिकवायला माणूस आहे का. पत्रकावर विषय छापला म्हणजे वर्गात कुणी शिकवायला येतंच, असं नाही.

वर्गात मी दरवर्षी एक उदाहरण द्यायचो. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅगलन टेकडीवर. त्यानं चिठ्ठी धाडली: घोडदळानं वेगानं पुढं जावं, शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. रॅगलनला वरून दिसत होत्या त्या ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या तुर्कांच्या ठाण्यांतून रशियनांनी बळकावलेल्या तोफा. घोडदळाचा लॉर्ड ल्यूकन खाली खोऱ्यात, त्याला त्या दिसतच नव्हत्या. त्यानं चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारलं, कुठल्या तोफा? नोलननं मोघम हात हवेत फिरवला. आणि सुमारे ६७० स्वार खोऱ्याच्या टोकाला असलेल्या रशियन तोफखान्यावर सरळ चालून गेले. शंभराहून अधिक परत आले नाहीत.

इंग्रजीत तोफांच्या आधी 'द' होता. 'द' म्हणजे तुला ठाऊक असलेल्या. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो शब्द पोकळ. मराठीत असं उपपदच नाही, त्यामुळे आपल्याला नेमकं काहीतरी ठरवावंच लागतं. म्हणून मी मुलांना म्हणायचो, हा हुकूम मराठीत लिहा. कुणी 'तोफा' लिहायचं, कुणी 'त्या तोफा'. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं 'आपल्या हातून गेलेल्या तोफा' असं लिहिलं. तिच्या शेजारचा, एनसीसीत नुकताच आलेला मुलगा मात्र कोरा कागद पुढं ठेवून बसला होता. मी विचारलं, का रे, लिहिलं नाहीस?

तो उभा राहून म्हणाला, "कुठल्या तोफा, सर?"