को ताओची पाण्याखालची शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

थायलंडला जाऊन आलेली मराठी माणसं आता घरोघरी सापडतात. बँकॉक, पटाया, फुकेत, झालंच तर क्राबी. सहलीतला एक दिवस स्पीडबोटीचा. सकाळी हॉटेलवरून उचलायचं, चार बेटं दाखवायची, प्रत्येक बेटावर पाऊण तास, आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. मध्ये दहा मिनिटं पॅरासेलिंग, पंधरा मिनिटं जेट स्की आणि बनाना बोटीवरून एक फेरी. मला याची टिंगल करायची नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबर असली की हीच सहल सोयीची. पण अंगात थोडी धमक असेल आणि हाताशी आठवडाभर असेल, तर एकाच बेटावर मुक्काम ठोकून एकच गोष्ट नीट शिकून यावी, असं मला वाटतं. माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे स्कूबा डायव्हिंग, हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरणं. त्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं बेट म्हणजे को ताओ.

आधी कॅलेंडर बघू, कारण तिथेच बरेच जण फसतात. थायलंडचा दक्षिण भाग म्हणजे जमिनीची एक लांबलचक पट्टी. तिच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र, पूर्वेला थायलंडचं आखात. फुकेत, क्राबी पश्चिमेला. को सामुई, को फांगान आणि को ताओ पूर्वेला. आपला नैऋत्य मोसमी पाऊस मे ते ऑक्टोबर अंदमानच्या बाजूला झोडपतो. त्या दिवसांत फुकेतच्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागलेले असतात. आखाताच्या बाजूला मात्र जोराचा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, म्हणजे साधारण चेन्नईला येतो तेव्हा. त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट. थोडक्यात, मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, एप्रिल-मे-जूनमध्ये, को ताओला खुशाल जा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. पैसे भरून बोटी बंद असलेल्या धक्क्यावर बसायची वेळ येईल.

को ताओचं क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. तिथे विमानतळ नाही, आणि नाही तेच बरं. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं चुंफोनला उतरायचं आणि तिथून कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीनं दीड-दोन तासांत बेटावर. दुसरी वाट को सामुईपर्यंत विमानानं आणि पुढे बोटीनं. सोपी, पण सामुईचं विमान महाग पडतं. वारा असला की कॅटमरान चांगलीच उसळते. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आणखी एक. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्यापूर्वी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नव्हे, एवढं ओळखा.

बोट लागते ती मे हाद नावाच्या धक्क्याला. उत्तरेला थोडं चाललं की साइरी, बेटावरचा सगळ्यात लांब किनारा. १८९९ मध्ये राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, या बेटावर आला होता आणि त्यानं इथल्या एका खडकावर आपली मुद्रा कोरून घेतली. तो खडक आजही पुजला जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं इथे राजकीय कैदी ठेवले. हिवतापानं भरलेलं, मुख्य भूमीपासून तुटलेलं बेट कैद्यांसाठी सोयीचंच होतं. त्यानंतर नारळ आणि मासेमारीवर जगणारी थोडी कुटुंबं आली, आणि १९८० च्या दशकात पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे परदेशी तरुण. त्यांच्या पाठोपाठ डायव्हिंगच्या शाळा आल्या. आज जगात सर्वाधिक नवे पाणबुडे तयार होतात अशा मोजक्या जागांत को ताओची गणना होते.

आता त्या शाळेविषयी. आपल्यापैकी अनेकांनी मालवणला किंवा तारकर्लीला 'स्कूबा' केलेलं असतं. तिथे मार्गदर्शक आपल्याला मागून धरतो, आपण माशांना पाव दाखवत फोटो काढून घेतो आणि वीस मिनिटांत वर येतो. चव कळायला तेवढं पुरतं. पण त्यात आपण सामान असतो, पाणबुडे नसतो. को ताओला 'ओपन वॉटर' नावाचा साडेतीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करता येतो. तो पुरा केला की बरोबरच्या जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरण्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते जगभर चालतं. फी साधारण दहा-अकरा हजार बाट, त्यात उपकरणं आणि बोट धरून. बऱ्याच शाळा शिकणाऱ्यांना राहायची खोलीही स्वस्तात देतात.

पहिल्या दिवशी वर्ग असतो आणि एक वैद्यकीय फॉर्म. तो खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, झालेली शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. एखाद्या प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरची सही लागते. ती इथूनच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून घेऊन जावी. पोहण्याची परीक्षाही असते. २०० मीटर न थांबता पोहायचं, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला हे काहीच नाही. पोहता येत नसेल तर आधी गावातल्या तलावावर दोन महिने घाला. मग जा.

दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात सराव. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकातून श्वास सोडून ते बाहेर काढायचं. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तुकडा, काढून फेकायचा, हात फिरवून परत पकडायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण नव्वद टक्के भीती इथेच गळते. चष्मेवाल्यांनी घाबरू नये, नंबरचे मास्क मिळतात. मिशाळ पुरुषांनी मात्र थोडा त्याग करावा. मिशीवर मास्क घट्ट बसत नाही, पाणी झिरपत राहतं. पहिल्या दिवशी झुपकेदार आणि तिसऱ्या दिवशी सफाचट झालेले गृहस्थ मी पाहिले आहेत.

मग खरा समुद्र. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढ्यानं, वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो दुप्पट होतो, वीसवर तिप्पट. घाटातून खाली येताना कानाला दडे बसतात ना, तेच इथे दोन मीटरवर सुरू होतं. नाक दाबून हलकेच फुंकायचं, पुन्हा थोडं उतरायचं, पुन्हा फुंकायचं. कान मोकळा होत नसेल तर जोर करायचा नाही, थोडं वर यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगते, आणि बंद फुप्फुसात ती फुगली तर इजा होते. म्हणून वर यायचं ते सावकाश, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. इथे आपल्या लोकांची हमखास गंमत होते. शिक्षक खुणेनं विचारतो, ठीक आहे का? आपण उत्साहानं अंगठा वर करतो. डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. झालं, शिक्षक आपल्याला घेऊन वर. 'ठीक आहे' यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

खाली गेल्यावर आधी जाणवतो तो रंगांचा बदल. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. लाल पोहण्याचा पोशाख तपकिरी दिसू लागतो. वस्तू एक तृतीयांशानं मोठ्या दिसतात, त्यामुळे वर येऊन 'एवढा मासा होता' असं सांगणाऱ्यावर थोडा विश्वास ठेवावा, तो सगळंच खोटं बोलत नाही. बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो, पण कुठल्या दिशेनं ते कळत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोहोचतो.

शिकाऊ लोकांना जपानी गार्डन्स, ट्विन्स, व्हाइट रॉक अशा जागांवर नेतात. प्रवाळ, समुद्रफुलांत लपणारे क्लाउन मासे, कधी कासव. इथे सांभाळून राहायचं ते टायटन ट्रिगरफिश नावाच्या माशापासून. लांबी दोन-अडीच फूट, दात प्रवाळ फोडणारे, आणि अंडी राखत असला की स्वभाव गल्लीतल्या भाईचा. त्याचा इलाका घरट्यापासून वर पृष्ठभागापर्यंत शंकूसारखा रुंदावत जातो. म्हणून घाबरून वर पळाल तर त्याच्याच हद्दीत राहाल. पाय त्याच्याकडे ठेवून आडवं बाहेर पोहायचं. शार्कला घाबरणाऱ्या पर्यटकांना जुने पाणबुडे हसतात ते यासाठीच. चावा मिळालाच तर याचा मिळेल.

अनुभव वाढला की चुंफोन पिनॅकल. समुद्रात बुडालेला ग्रॅनाइटचा डोंगरच, ज्याचा शेंडादेखील पृष्ठभागाखाली १४-१५ मीटरवर आहे. को फांगानच्या वाटेवर सेल रॉक आहे. त्या खडकात धुराड्यासारखी एक उभी पोकळी आहे, खालून शिरायचं आणि वर पाच-सहा मीटरवर बाहेर पडायचं. या दोन्ही ठिकाणी नशीब असेल तर व्हेल शार्क दिसतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खातो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. दिसेलच असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो तिकीट विकतोय असं समजा. आणि ३० मीटरवर 'सत्तकूट' नावाचं जहाज पडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलानं वापरलेलं, नंतर थाई नौदलात आलेलं, आणि २०११ मध्ये पाणबुड्यांसाठी मुद्दाम बुडवलेलं. डेकवरच्या तोफा अजून जागेवर आहेत. तिथे जायला मात्र 'अ‍ॅडव्हान्स्ड'चं, म्हणजे 'ओपन वॉटर'च्या पुढच्या अभ्यासक्रमाचं, प्रमाणपत्र हवं.

टाकीबिकी पाठीवर नको असेल त्यांच्यासाठी स्नॉर्केलिंग आहेच, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं. दक्षिणेच्या थियान ओग खाडीला शार्क बे म्हणतात. सकाळी लवकर गेलात तर पंखांची टोकं काळी असलेल्या मुशी, म्हणजे लहान शार्क, उथळ पाण्यात फिरताना दिसतात. त्या लाजाळू असतात, आपणच हातपाय आपटले तर निघून जातात. को नांग युआन ही तीन टेकड्यांची बेटं वाळूच्या एका दांड्यानं जोडलेली. थायलंडच्या पोस्टकार्डांवर हमखास असतात ती. प्रवेशाचं तिकीट आहे आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत. दुपारी सामुईहून बोटी भरभरून येतात, तेव्हा तिथे दादरचं स्टेशन होतं. सकाळी पहिल्या बोटीनं जा.

जमिनीवर ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळा आहेत, त्यांवर दोर लावून चढणं शिकवतात. एका श्वासात खोल जाण्याच्या फ्रीडायव्हिंगच्या शाळाही इथे बऱ्याच. पण बेटावर सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती या साहसांनी नाही, भाड्याच्या स्कूटरनं. रस्ते खडे चढउताराचे, कडेला वाळू. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. दुचाकी आणि डायव्हिंग दोन्ही पॉलिसीत आहेत का, हे निघण्यापूर्वी वाचा. आणि पासपोर्ट तारण मागणाऱ्या दुकानातून स्कूटर घेऊच नका. परत देताना एखादा ओरखडा निघाला की घासाघीस त्यांच्या अटींवर होते.

किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेले खांब दिसले तर ते शोभेचे नाहीत. आखातात बॉक्स जेलीफिश आहेत. त्यांचा दंश जिवावर बेतू शकतो. डंखावर भरपूर व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही, गोडं पाणी घालायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा, घातलात तर दंशापासून आणि उन्हापासून, दोन्हीपासून बचाव होतो.

त्या कपड्याचा तिसरा फायदा प्रवाळांना आहे, कारण सनस्क्रीन कमी लागतं. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडनं २०२१ पासून आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत बंदीच घातली आहे. प्रवाळ आधीच अडचणीत आहेत. २०१० मध्ये समुद्र तापला आणि आखातातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. एवढ्या लहान जागेत इतके शिकाऊ उतरवणं या बेटाला झेपतं का, हा प्रश्न मलाही पडतो. पायातलं फिन, म्हणजे पोहण्याचं वल्ह्यासारखं पाऊल, मारून एका क्षणात मोडलेली प्रवाळाची फांदी वाढायला अनेक वर्षं लागलेली असतात. म्हणून शाळा निवडताना स्वस्त कोण याआधी एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे विचारा. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरं दार ठोठवा. तरंगण्यावर ताबा नीट शिकवायला शिक्षकाकडे वेळ हवा.

शाकाहाऱ्यांसाठी: 'किन जे' म्हणा, म्हणजे मांस-मासे तर नाहीच, फिश सॉसही पडणार नाही. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर तो पडतोच.

आणि परतीचं तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवा. अनेक डुबक्या मारल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ लागतो. त्या मोकळ्या दिवशी दक्षिणेच्या जॉन-सुवान पॉइंटवर चढा. वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे, शेवटी खडकांवर हात टेकावे लागतात, आणि वरून एका अंगाला शार्क बे, दुसऱ्या अंगाला चालोक बान काओची खाडी दिसते. पाणी बरोबर न्या, आणि ऊन चढायच्या आत खाली उतरा. दुपारची बोट पकडायची असते.

नमस्कार.