शांततेची चौकट

[पडदा काळा. ध्वनी नाही. पाच सेकंद.]

आवाज गेला की काय, म्हणून आत्ता तुमचं बोट व्हॉल्यूमकडे गेलं असेल. साहजिक आहे. ध्वनिपट्टी आम्ही मुद्दाम कोरी ठेवली होती, आणि कानाला असली कोरी शांतता सोसत नाही. त्याला तो बिघाडच वाटतो.

[चित्रीकरण आटोपलेली खोली. माणसं जागच्या जागी उभी. ध्वनिमुद्रकाच्या कानांवर हेडफोन.]

म्हणूनच मुलाखत संपली तरी ध्वनिमुद्रक कोणाला लगेच हलू देत नाही. "रूम टोन घेतोय, कोणी बोलू नका," असं बजावतो आणि अर्धा-एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतो. खुर्ची करकरेल म्हणून कोणी कूसही बदलत नाही. पुढे संकलनात दोन वाक्यांमधला खोकला कापला, की त्या फटीत हीच शांतता भरायची. दुसऱ्या खोलीची चालत नाही, सांधा लगेच उघडा पडतो.

म्हणजे शांतता रिकामी नसते, एवढं नक्की. पण तिला अर्थ कुठून येतो? आमच्या मते, तिच्या कडांमधून. ती कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि या दोन रेघा कोणी मारल्या, त्यावरून.

[तबलावादकाचे हात, अगदी जवळून.]

तीनताल घ्या. मात्रा 16, विभाग चार. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर मात्र हात येतो आणि न वाजता बाजूला उघडतो. ही खाली. आता ठेका ऐका. 'धा धिं धिं धा' दोनदा होतं आणि मग येतं 'धा तिं तिं ता'. 'धिं'चा 'तिं' झाला, डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा निघून गेला, उजव्या हाताचा बोल तेवढा उरला. गायकाचे डोळे मिटलेले असले तरी त्याला जागा कळते, कारण खालीपासून सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आठ मात्रांवर असते. सोळाच्या सोळा मात्रा सारख्याच घुमल्या असत्या, तर समेची वाट पाहण्यात गंमत ती काय राहिली असती?

ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने हीच गोष्ट थट्टेसाठी वापरली. चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या त्याच्या 1781 च्या एका रचनेत (ओपस 33, क्रमांक 2) शेवटी धून तुटक होत जाते आणि मध्ये इतके लांब विराम येतात की श्रोते संपलं समजून टाळ्या वाजवतात. पुढे अजून संगीत असतं. अडीचशे वर्षं होत आली, लोक अजूनही फसतात.

[मिटलेलं पियानोचं झाकण.]

29 ऑगस्ट 1952. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळचं मॅव्हरिक सभागृह, भोवती झाडी. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर येऊन बसला, त्याने झाकण मिटलं आणि घड्याळ लावलं. 4 मिनिटं 33 सेकंद त्याने एकही स्वर वाजवला नाही. रचना जॉन केजची, भाग तीन. भाग संपला की झाकण उघडायचं, पुढचा सुरू झाला की पुन्हा मिटायचं. केजच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस वाजू लागला आणि तिसऱ्यात लोकांचीच कुजबुज आणि उठून जाणं.

ही शुद्ध फसवणूक, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचा राग समजतो. पण यातली खरी करामत त्या झाकणात आहे. तसाच वारा त्या सभागृहात आदल्या दिवशीही वाहिला असेल. झाकणाने त्याला सुरुवात दिली आणि शेवट दिला, म्हणून तो ऐकला गेला.

[जुनी छायाचित्रं: थांबलेली वाहनं, टोप्या उतरवलेली माणसं.]

राज्यकर्त्यांनाही ही युक्ती ठाऊक असते. 11 नोव्हेंबर 1919 ला सकाळी 11 वाजता, पहिलं महायुद्ध थांबल्याला वर्ष झालं म्हणून, राजा पाचव्या जॉर्जच्या आवाहनावरून ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटं स्तब्धता पाळली गेली. दुःख खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण या मुलांना खंदकात पाठवलं कोणी, हा प्रश्न त्या दोन मिनिटांत विचारता येत नव्हता. रेघा सरकारने मारलेल्या होत्या.

त्याआधी दोन वर्षं, 28 जुलै 1917 ला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून सुमारे 10,000 कृष्णवर्णीय नागरिक चालत गेले. मुलं आणि बाया पांढऱ्या कपड्यांत, पुरुष काळ्या. इलिनॉय राज्यातल्या ईस्ट सेंट लुइस शहरात त्यांच्या माणसांच्या कत्तली झाल्या होत्या. घोषणा एकही नाही. ढोल होते, तेही आवाज दाबलेले. सांगायचं ते हातातल्या फलकांवर. इथे रेघा चालणाऱ्यांनी स्वतः मारल्या होत्या, आणि बघणाऱ्यांना मान फिरवून चालणार नव्हतं.

[रिकामा रंगमंच. आरोपीचा पिंजरा.]

आता उलटी बाजू. गप्प कोणी बसायचं हे दुसराच ठरवतो तेव्हा काय होतं, ते विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये दिसतं. 1967 मध्ये ते रंगभूमीवर आलं. खेळ म्हणून खटला सुरू होतो आणि बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेच्या खासगी आयुष्यावर येऊन ठेपतो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती मनातलं सगळं ओतते, पण तेवढा वेळ बाकीची पात्रं गोठलेली. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. कोर्टाच्या लेखी ती गप्पच होती.

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन अशाच कोर्टांच्या सोयीचं. कायद्याने त्याला लगाम घालायला बराच उशीर केला. 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम 375 मध्ये स्पष्ट आलं, की लैंगिक संबंधांसाठी स्त्रीची संमती तिच्या शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य प्रकारे निःसंदिग्धपणे व्यक्त झालेली हवी. तिने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती संमत होती असं धरता येणार नाही. भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

[जुन्या छापील अक्षरांचे खिळे. छपाईयंत्राचा खडखडाट.]

आणि ज्या शांततेला सुरुवातच सापडत नाही, तिचं काय? पिढ्यान् पिढ्यांची ती, तिच्यासाठी ना कोणी घड्याळ लावलं, ना झाकण मिटलं. ती गृहीतच धरली गेली. 31 जानेवारी 1920 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपयांची मदत दिली. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, 'काय करूं आतां धरुनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें' असं बजावणारा. आणि आत, पहिल्याच अंकात, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावं, त्याने त्याच मजल्यावर मरावं.